अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

"सर, पिस्तूल डावीकडे मारतंय."

अलिबागला दहा मीटरच्या हॉलमध्ये मुलांना एअर पिस्तूल शिकवताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा दिवस विरळा. सांगणारा बारा वर्षांचा असो की पन्नाशीचा, तक्रार तीच. आपल्याकडे तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर तयार आहे: नाचता येईना, अंगण वाकडे. बहुतेक प्रशिक्षक ते देऊन मोकळे होतात आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. तरी अलीकडे हे उत्तर द्यायला माझी जीभ सहजी वळत नाही. अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं. ते तपासायचे कष्ट न घेता नाचणाऱ्याला बोल लावणं मला आता अप्रामाणिक वाटतं. आणि तितकंच अप्रामाणिक वाटतं नाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून अंगणाला वाकडं ठरवणं. या दोन्ही मोहांत मी रोज उभा असतो. म्हणून एकदा नीट बसून विचार करायचं ठरवलं.

आधी मूळ गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तूल एकाच हातात धरायचं, मनगटाला कसलाही आधार नाही. नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी, ती फ्रंट साईट. जुनी माणसं तिला माशी म्हणतात. मागे खाच असलेली रिअर साईट. खाचेच्या बरोबर मधोमध माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि वरच्या कडा एका रेषेत: डोळ्याला एवढंच सांभाळायचं असतं. निशाणा धूसर दिसला तरी चालतो, किंबहुना तो धूसरच दिसायला हवा.

आता हिशेब बघा. दोन साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. हात सगळाच्या सगळा १ मिलिमीटर सरकला, पण साईट एकमेकींशी सरळ राहिल्या, तर छिद्रही १ मिलिमीटरच सरकतं. तेच मनगट किंचित वाकून माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर निशाण्यावर त्याचे ३० मिलिमीटर होतात. दहाचा शॉट सातावर जातो. नवशिक्याला हे उलटं वाटतं. हात थरथरतोय याची त्याला धास्ती. म्हणून काळा गोल समोर आला रे आला की तो चाप ओढून घेतो. एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. तो हळूहळू वाढवत न्यायचा सोडून झटक्यात दिला की नुसतं बोट हलत नाही, सगळी मूठ आवळली जाते, टोक खाली झुकतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा शॉट डावीकडे खाली, घड्याळातल्या सातच्या आसपास जाऊन बसतो. ज्या थरथरीला तो भ्यायला, तिने त्याचा एखादा गुण गेला असता. घाईने तीन गेले.

अंगठ्याचा दाब पडला की उजवीकडे, चापावर बोट कमी-जास्त बसलं की आजूबाजूला, धक्क्याच्या धास्तीने तळवा पुढे रेटला गेला की वर, असे ठोकताळे नेमबाजांत चालत आलेले आहेत. त्यांचा गोल तक्ता पुष्कळ ठिकाणी भिंतीवर चिकटवलेला दिसतो. मला तो आवडत नाही. पिस्तूल निर्दोष आहे असं गृहीत धरूनच तो काढलेला असतो, म्हणजे चौकशी सुरू व्हायच्या आधीच एक साक्षीदार सुटतो आणि दुसरा आरोपी होतो.

रिअर साईटला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला, दुसरा डावी-उजवीकडे सरकवायला. शॉट डावीकडे जात असतील तर मागची साईट उजवीकडे न्यायची. ती जिकडे जाईल तिकडे छिद्र जातं. काम काही सेकंदांचं. चार-पाच क्लिक फिरवले की डावीकडे खाली पडणारे शॉट मध्ये येतात, मुलाचा चेहरा खुलतो, दाराशी उभी असलेली आई हसते आणि सगळे समाधानाने घरी जातात.

या स्क्रूपाशीच माझी खरी परीक्षा होते. मुलाच्या हातातला झटका तसाच राहिलेला असतो, मी फक्त त्याच्या मापाने साईट वाकडी करून दिलेली असते. झटका रोज एकसारखा नसतो. मन शांत असलेल्या दिवशी तेच मूल हळू चाप दाबतं आणि मग शॉट उजवीकडे वर जातात. म्हणजे बरोबर केल्याची त्याला शिक्षा मिळते! शरीर शिकतं ते उलटंच. जिल्हा स्पर्धेत छाती धडधडत असताना तर काय होईल याचा भरवसाच नाही.

हे सगळं माहीत असूनही हात स्क्रूकडे जातो. का जातो, याचं उत्तर मी स्वतःला टाळाटाळ न करता द्यायला हवं. दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असतं, आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक घेतल्यापासून तर प्रत्येक घराला आपल्याही पोराचं काही होईल असं वाटू लागलंय. वाटावंच. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं, त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या अपेक्षेचा रेटा माझ्या हॉलपर्यंत येतो. महिन्याभरात आकडा वाढला नाही तर पालक दुसरीकडे जातील, फी जाईल, नाव जाईल. स्क्रूकडे जाणाऱ्या हातामागे मुलाचं हित किती आणि माझी सोय किती? बहुतेक वेळा सोयीचं पारडं जड असतं. हे लिहायला जड जातंय, पण आहे ते असं आहे.

थळची एक मुलगी माझ्याकडे येते. वडिलांचा मासळीचा धंदा. पहाटे बंदरावर जाऊन मग तिला स्कूटरवर सोडायला येतात. एके दिवशी ते आत आले आणि म्हणाले, "सर, हिची गन बदलूया का? कर्ज काढीन, पण सांगा." तिचं कार्ड माझ्या हातात होतं. डावीकडे खाली गुच्छ, पण विसविशीत. त्यातला एक शॉट वेगळा, नववर. मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं बसा. गनलाच विचारू." पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, घाई न करता, मी पाच शॉट मारले. छिद्रं एकावर एक, मधोमध. तेच पिस्तूल, तेच छर्रे.

मग तिला एक काम दिलं. समोरच्या मॉनिटरवर पुठ्ठा ठेवला. शॉट सुटला की पुठ्ठा उचलायच्या आधी तिने तोंडाने सांगायचं: कुठे गेला? आम्ही याला शॉट 'कॉल' करणं म्हणतो. चाप सुटला त्या क्षणी माशी कुठे दिसली, ते सांगायचं. निशाण्याकडे बघून नव्हे. पहिल्यांदा ती गप्पच राहिली. "सर, दिसलंच नाही." हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. चाप सुटताना तिचे डोळे मिटत होते. कुठलाही स्क्रू हे सांगू शकला नसता. पुढच्या काही शॉटनंतर ती म्हणाली, "खाली... साताला." पुठ्ठा उचलला, छिद्र साताला. तिचे वडील काही बोलले नाहीत, पण कर्जाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

काडतुसाच्या पिस्तुलासाठी याच जातीची एक जुनी युक्ती आहे. मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एखादं निकामी, डमी काडतूस दुसऱ्याने मिसळून ठेवायचं. मारणाऱ्याला ते कितवं आहे ते माहीत नसतं. त्याची पाळी आली की आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही टोक खाली झुकतं. धक्का यायच्या आधीच हाताने त्याला केलेला विरोध उघडा पडतो. इथे पिस्तुलाला दोष द्यायला जागा राहत नाही. मी अनुभवी माणसांना या क्षणी लालबुंद होताना पाहिलंय. लाज वाटायचं कारण नाही. भीती शरीराची असते, चारित्र्याची नव्हे.

शॉट कॉल करण्याची सवय मला इतकी महत्त्वाची का वाटते? कारण निकाल दिसल्यावर प्रत्येकाला वाटतं, 'हो, मला वाटलंच होतं.' आजच्या इलेक्ट्रॉनिक निशाण्यांवर शॉट सुटताक्षणी मॉनिटरवर आकडा येतो आणि साक्ष द्यायच्या आधी निकाल लागतो. मग साक्ष निकालाच्या सोयीने दिली जाते. आणि याच्या उलटही तितकंच खरं. मुलगा छातीठोकपणे म्हणाला "दहा," आणि छिद्र सातावर पडलं, असं एकदा नव्हे, सलग होत राहिलं, तर आता पिस्तुलाला हजर करायची वेळ आली. ज्याचं बोलणं तपासून खरं ठरलंय, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून शस्त्र उघडता येतं. म्हणून कॉल करायला शिकवणं म्हणजे मुलाला दोष स्वीकारायला शिकवणं, एवढंच मी मानत नाही. त्याच्या तक्रारीला वजन मिळवून देण्याचाही तोच रस्ता आहे.

तक्रार खरी असू शकते, हे आपण किती सहज विसरतो याचं मोठं उदाहरण अवघ्या देशाने पाहिलं. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. दुरुस्तीत तिची वीसेक मिनिटं गेली. उरलेल्या वेळात तिने सगळे शॉट पुरे केले, ५७५ गुण मिळवले आणि बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्यानंतरच्या दिवसांत चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत काय बोललं गेलं ते आठवून पाहा. 'कारणं सांगते,' 'दबाव झेपला नाही.' नेमबाजी ज्यांनी आयुष्यात पाहिली नाही ते अंगणाची म्हण ऐकवत होते. ती १९ वर्षांची होती. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ ला, पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्यपदक जिंकलं आणि दोन दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीने आणखी एक. आम्ही पेढे वाटले. २०२१ मध्ये तिला खोटं पाडणाऱ्यांपैकी कोणी आपलं बोलणं मागे घेतल्याचं मी ऐकलं नाही. पदकामुळे तिची तक्रार खरी ठरली, असंही कोणी म्हणू नये. पदक आलं नसतं तरी त्या दिवशी पिस्तूल बिघडलंच होतं.

आणि आमच्या अलिबागेत तर शस्त्राकडे संशयाने पाहायला कारणं पुष्कळ. खारं वारं लोखंडाला सोडत नाही. पावसाळ्यात लाकडी ग्रिप फुगते, दिवाळीनंतर आकसते. हाताच्या मापाने घासून बसवलेली मूठ ऑगस्टमध्ये वेगळी लागते आणि जानेवारीत वेगळी. ग्रिपचा स्क्रू ढिला होतो. शिशाचे छर्रे डबीत काळवंडतात. हवेच्या सिलिंडरचं सील झिजलं, दाब उतरला, की शॉट हळूहळू खाली यायला लागतात आणि प्रशिक्षक म्हणतो, "थकतोस तू, पळायला जा." एका मुलाला दुसरीकडे असंच सांगितलं गेलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या कार्डावर दोन वेगळे गुच्छ होते, प्रत्येक घट्ट, मधे मोकळी जागा. हाताची चूक सहसा पसरते. असे दोन स्वच्छ गुच्छ दिसले की मी आधी स्क्रूड्रायव्हर घेतो. त्याची रिअर साईट बोटाने हलत होती, उजवीकडे टक्, डावीकडे टक्. तो कितीतरी दिवस पळत होता, बिचारा. स्वतःला कमी समजत होता. त्याला म्हटलं, "तुझं काही चुकत नव्हतं." ते ऐकून त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, सुटका होती. खोटा दोष डोक्यावर घेऊन जगायला लावणं हे मुलाचं केवढं नुकसान आहे, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आपल्यावर दोष घेण्यालाच आपण प्रामाणिकपणा समजतो. माझ्या मते ही सवय दिसायला सुंदर आणि आतून आळशी आहे. 'चुकलं माझंच' म्हटलं की चौकशी संपते, लोकही भलं म्हणतात.

चौकशी कशी करावी याचा धडा आमच्या गावातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेच्या प्रवाहाने सुया बहकणार हे उघड होतं. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ही मोजणी अलिबागला हलवली गेली. १९०४ मध्ये इथे वेधशाळा सुरू झाली. इमारत बांधली ती चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची, लोखंड टाळून. पण मला सर्वांत भावतं ते पुढचं. नवीन जागा चांगली आहे म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, कुठल्या फरकाचं कारण जागा आहे आणि कुठल्याचं पृथ्वी, हे कळावं म्हणून. ट्राम धावली १९०७ साली. म्हणजे दोष यायच्या आधीच त्याचं माप घ्यायची व्यवस्था केलेली होती. त्या वेधशाळेवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. मुलांना तिच्याबद्दल सांगायला हवं, असं आता वाटतं.

हीच कसोटी स्वतःला लावायची झाली तर? माझे स्वतःचे शॉट गेल्या काही काळात पसरायला लागलेत. वय झालं की जवळचं धूसर होतं, आणि माशी डोळ्यापासून हातभराच्याच अंतरावर असते. मन आधी काय म्हणालं? पिस्तूल जुनं झालं. मग म्हणालं, हॉलमधला दिवा बदललाय. दोन्ही शक्य होतं, म्हणून दोन्ही तपासले. माझं पिस्तूल एका चांगल्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं. त्याचा गुच्छ नाण्याएवढा. दिवा पूर्वीचा लावून पाहिला. माझा गुच्छ पसरलेलाच. राहिलो मी. पण 'मी' म्हणजे तरी काय, डोळा, खांदा की मन? डोळ्यांच्या डॉक्टरांनी माशीच्या अंतराचा नंबर काढून दिला आणि पसारा निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा चापावरच्या बोटाचा आहे, तो माझा. शरीरही शस्त्रासारखंच तपासावं लागतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने कोपराच्या दुखापतीतून परत येऊन २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. दुखऱ्या कोपराला तिने जिद्दीची उणीव समजलं असतं तर ते हातून गेलं असतं.

मात्र हॉलबाहेर मी इतका कसून शोध घेतो का? घरात वाद झाला, एखादं काम फसलं, मित्र दुरावला, तेव्हा पुठ्ठा उचलण्याआधी माझा शॉट मी कॉल करतो का? खरं उत्तर, क्वचित. निकाल पाहतो आणि मग कारण जुळवतो; कधी दुसऱ्याकडे बोट, कधी स्वतःच्या थोबाडीत मारून घेणं. दोन्हींत तपास नसतो. जे मी बारा वर्षांच्या मुलीकडून रोज मागतो, ते स्वतःकडून मागायला मला जड जातं, आणि ते जड जाणं योग्य नाही.

नेमबाज मुलांच्या आईवडिलांना माझं एवढंच मागणं आहे. घरी आल्यावर "किती पडले?" हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, "तू कुठे सांगितलं होतंस आणि कुठे गेला?" कार्डांवर तारीख घालून ती जपून ठेवा. प्रशिक्षकाने साईट फिरवली तर किती क्लिक आणि का, हे त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे, मलाही विचारा. आणि मूल म्हणालं की पिस्तूल बिघडलंय, तर म्हण ऐकवायच्या आधी ते वाळूच्या पिशवीवर ठेवून पाच शॉट मारून बघायला सांगा.